नऊ आटे

माझी चावी साडेचार फुटांची होती. सगळी लोखंडी, वर धरायला आडवी दांडी, खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून मी रस्त्याने निघालो की समोरचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. माझ्या मुलीने शाळेत सांगितलं, बाबा महापालिकेत चावीवाले आहेत. तर पालकसभेला तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि वर्गातल्या कपाटाचं कुलूप उघडून द्याल का, म्हणून विचारलं. मुलीची नाचक्की नको म्हणून तेही दिलं उघडून, हेअरपिनने.

मी पाणी खात्यात होतो. यंदा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी गाठलं. म्हणाले, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती आहेत हो पुष्कळ. पण एक गोष्ट एका बाईला सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय पेन हातात धरवेना. गेल्या महिन्यात ती सांगून आलो. म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुंबईत पाणी चोवीस तास नसतं. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते. काळाचौकीच्या माझ्या पट्ट्याची वेळ पहाटे साडेपाच ते आठ. वेळ झाली की रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खड्ड्यात चावी सोडायची, खाली व्हॉल्वच्या डोक्यावर तिचं तोंड बसवायचं आणि दोन्ही हातांनी फिरवत राहायचं. एक पुरा फेरा म्हणजे एक आटा. आटे पूर्ण झाले की व्हॉल्व पूर्ण उघडला, त्या भागाला पाणी सुटलं. आठ वाजता तेवढेच आटे उलटे फिरवून बंद करायचा. लोकांना वाटतं पाणी कुठूनतरी आपोआप येतं. आपोआप कसलं डोंबल येतंय! रोज पहाटे कोणीतरी उठून ते सोडतं, तेव्हा तुमचा चहा होतो.

किती आटे ते प्रत्येक व्हॉल्वचं वेगळं. हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझ्या आधीचे चावीवाले, तोंडात कायम लवंग, बोलणं कमी. तीन दिवस त्यांनी मला पट्ट्यातून पायी फिरवलं आणि पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तसे आटे घोकून घेतले. पिठाच्या गिरणीसमोर अठरा, शाळेच्या भिंतीला सव्वीस, मंडळाच्या मैदानात तेरा. मैदानातल्या व्हॉल्वपाशी ते थांबले आणि म्हणाले, "हा फार जुना आहे. तेराला थांबायचं. चौदावा मागायचा नाही. जोर केलास तर आतली दांडी तुटेल आणि तीन दिवस सगळी आळी तुझ्या नावाने शिमगा करेल."

आटे लिहिलेली एक वही ऑफिसात होती. पण वहीत बघणं आमच्यात कमीपणाचं मानलं जायचं. ज्याला आटे तोंडपाठ तो खरा चावीवाला. शीवला राहणारा बाबाजी नावाचा एकजण बदलीवर यायचा, कोणी रजेवर गेलं की त्याचं काम करायचा. तो रोज सकाळी चष्मा लावून वही वाचूनच बाहेर पडायचा. आम्ही त्याला "वहिनी" म्हणायचो. तो बिचारा हसायचा आणि पान उलटायचा.

आता माझ्या स्वभावाबद्दल. मी तापट आहे हे आळीत सगळ्यांना माहीत. पण मी स्वप्नाळूही आहे हे फक्त आमच्या हिला माहीत होतं. पहाटेचं काम माणसाला तसं करतं. साडेपाचला रस्त्यावर माणूस नसतं. दिव्यांभोवती धुरकट पिवळं काहीतरी तरंगत असतं, फुलवाल्याच्या टोपलीतला ओला वास येतो, एखादं कुत्रं पाय ताणून पुन्हा झोपतं. अशा वेळी चावीला पहिला पीळ दिला की खालून एक थरथर यायची. आधी दांडीला, मग तळहाताला, मग कोपरापर्यंत. ते पाणी. कुठल्या डोंगरातल्या तलावातून निघून, रात्रभर जमिनीखालून चालत, माझ्या हाताशी येऊन थांबलेलं. मला रोज वाटायचं, दाराशी पाहुणा उभा आहे आणि कडी माझ्या हातात आहे. तीस वर्षांत ते वाटणं एकदाही जुनं झालं नाही.

मैदानातला व्हॉल्व उघडला की मी समोरच्या रेशन दुकानाच्या पायरीवर बसायचो. डोळे मिटायचो. समोर आमची जुनी चाळ, तळमजला आणि वर चार मजले. पाणी तिच्यात चढताना ऐकू यायचं. तळमजल्याचे नळ आधी खोकायचे, फुस्स करून हवा सोडायचे, मग बादलीत धार. मग पहिला मजला, कळशीचा आवाज. दुसऱ्यावर कोणीतरी हाक मारायचं, "ए उठ, पाणी आलं!" तिसऱ्यावर पिंप. मग चौथा. मजल्यामागून मजला जागा व्हायचा आणि मी अर्धवट झोपेत ते ऐकत असायचो. ते माझं सुख. कोणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगितलं नाही कधी.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नग होते. काळाचौकीच्या आधी दोन वर्षं मी ठाकूरद्वारला होतो. तिथल्या एका वाडीत एक निवृत्त मास्तर रोज पहाटे हातात घड्याळ घेऊन जिन्यात उभे. मी चावी लावली की म्हणायचे, "दोन मिनिटं उशीर." एकदा मुद्दाम दोन मिनिटं आधी गेलो. तर म्हणाले, "शिस्त नाही." काळाचौकीत लग्नघरं यायची. "भाऊ, उद्या हळद आहे, एक आटा जास्त द्या." आता पूर्ण उघडलेल्या व्हॉल्वला जास्तीचा आटा आणायचा कुठून? पण मी मान डोलवायचो, दुसऱ्या दिवशी नेहमीचेच तेरा द्यायचो, आणि ते येऊन सांगायचे, भाऊ, आज काय पाणी होतं! माझ्या तेरावर लोकांचा असा विश्वास, आणि माझा तर त्याहून जास्त.

त्या चाळीत चौथ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक काका-काकी राहायचे. मूलबाळ नव्हतं. काका गिरणीत होते, साचे खात्यात, म्हणजे मागांवर. गिरणी गेली, मग कुठे कुठे वॉचमनकी केली, आणि म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. काकी पासष्टीच्या, बारीक, पण आवाज खणखणीत. मी पायरीवर बसलेला दिसलो की वरून ओरडायच्या, "आलं हो भाऊ!" चौथ्यावर पाणी पोचल्याची ती पावती असायची.

माझी नोकरी संपायच्या आठ-नऊ वर्षं आधीची गोष्ट. शिमग्याला पंधरा दिवस गावी गेलो. पालखी नाचवून, घसा बसवून परत आलो आणि दुसऱ्या पहाटेपासून कामाला लागलो. मैदानात तेरा दिले. पायरीवर बसलो. वरून हाक आली नाही. म्हटलं, झोपल्या असतील.

चार दिवसांनी काकी खाली उतरून आल्या. "भाऊ, चौथ्यावर पाणी चढत नाही हो."

"नळ बघा काकी. पाइप गंजला असेल."

"तुम्ही गावी गेलात तेव्हा धो धो येत होतं. तुम्ही आलात आणि गेलं."

झालं! माझं डोकंच सटकलं. "म्हणजे मी काय तुमचं पाणी पळवतो? खिशात घालून नेतो? खालच्या सगळ्यांना येतंय ना?"

"येतंय. म्हणून तर विचारते. आमच्याच नळाने काय घोडं मारलंय?"

त्यांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. एक दिला, दोन दिले, मग दर पंधरवड्याला देत राहिल्या. साहेबांनी मला बोलावलं. साहेब चांगले होते, पण टेबलावर फायलींचा डोंगर, फोनवर नगरसेवक, दारात मोर्चा. त्यांनी एवढंच विचारलं, "काय रे, पूर्ण उघडतोस ना?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "तेराच्या तेरा, साहेब. आजपर्यंत एक चुकला नाही." माझा शब्द म्हणजे ऑफिसात शेवटचा शब्द. साहेबांनी अर्जावर लिहिलं, पाणीपुरवठा सुरळीत, अर्जदाराने अंतर्गत जोडणी तपासावी. काकींनी प्लंबर आणला. त्याने पाइप उघडला, आत काहीच नव्हतं, त्याने परत लावला.

मग काकी खालून पाणी नेऊ लागल्या. दोन कळशा, एक कमरेवर, एक हातात, चार जिने. मधे दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या. मी ते पायरीवरून बघायचो आणि मला त्यांचाच राग यायचा. आपल्या कामाला नाव ठेवणारं माणूस समोर दिसलं की होतो तसा राग.

एकदा त्या माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या. दमल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पिण्याचं, स्वयंपाकाचं होतं हो कसंतरी. ह्यांच्या आंघोळीचं होत नाही. गिरणीतून यायचे तेव्हा केसात, भुवयांत, कानात सगळा कापूस. दारातूनच मोरीत जायचे. दोन बादल्या लागायच्या. पाणी अंगावर पडलं की गायला सुरुवात. गळा काही नव्हता, पण गायचे. झटका आल्यावरसुद्धा मी मोरीत पाटावर बसवून रोज डोक्यावरून पाणी ओतत होते. तेवढा वेळ चेहरा कसा पहिल्यासारखा व्हायचा. आता ओल्या फडक्याने पुसते. ते बोट दाखवतात मोरीकडे, आणि म्हणतात, ओत. एवढा एकच शब्द नीट येतो त्यांना. ओत."

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "काकी, माझ्या हातात तेरा आटे आहेत. ते मी रोज पुरते देतो. त्यापुढे माझा इलाज नाही."

त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि कळशा घेऊन वर गेल्या.

श्रावणात काका गेले. सकाळी सातच्या सुमाराला चाळीत गलका झाला तेव्हा मी मैदानातच होतो. प्रेताला शेवटची आंघोळ घालायची होती आणि वर पाणी नव्हतं. चाळीतल्या लोकांनी जिन्यात रांग केली, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. कळशी भरायची आणि हातोहात वर द्यायची. मीही रांगेत उभा राहिलो, दुसऱ्या जिन्याच्या वळणावर. खालून कळशी यायची, मी वर द्यायचो. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आणि हातावर सांडणारं थंड पाणी. मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. खरं सांगतो, बरं वाटत होतं, की मागचं सगळं विसरून आपण मदतीला आलो.

मग गणपती आले. मैदानात मंडळाचा मंडप पडला की माझा व्हॉल्व बरोबर स्टेजखाली यायचा. मंडळाची पोरं शहाणी, माझ्यासाठी स्टेजच्या बाजूला फळ्यांचं छोटं दार ठेवायची. पहाटे मी त्यातून वाकून आत शिरायचो. आत बांबूंचं रान, काथ्याच्या गाठी, वरून झिरपणारा धुपाचा आणि झेंडूचा वास. फळ्यांच्या फटींतून समईचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडलेला. वर कोणी एक म्हातारे गृहस्थ एकटेच अथर्वशीर्ष म्हणत असायचे, हळू, स्वतःपुरतं. माझ्या डोक्यावर एवढी मोठी मूर्ती, पायाखाली पाणी, आणि मधे गुडघ्यावर बसून मी आटे मोजतोय. एक, दोन, तीन. ते दहा दिवस मला कळायचं नाही की मी जागा आहे की अजून अंथरुणातच आहे. बाहेर येऊन पायरीवर बसायचो, डोळे मिटायचो, आणि चाळीत पाणी चढताना ऐकायचो. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

चौथा मला ऐकू येत होता हो. आजही शपथेवर सांगेन. वर थेंब चढत नव्हता, पण माझ्या कानात रोज चौथ्या मजल्यावर धार पडत होती.

विसर्जनानंतर मला ताप भरला. पाच दिवस अंथरुणावर. बदलीवर बाबाजी आला. सहाव्या दिवशी मी कामावर गेलो, तर पायरीपाशी काकी उभ्या. पांढऱ्यावर बारीक निळं फूल असलेलं पातळ, कपाळ मोकळं. हातात कपबशी.

"भाऊ, पाच दिवस झाले, पाणी येतंय. भरपूर. मी नळ सोडला आणि बघतच बसले. तुम्ही वरती कुठेतरी बोललात ना माझ्यासाठी? मला माहीत होतं, तोंडाने फटकळ आहात पण मन आहे तुम्हाला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ज्याला पाहिजे होतं तो माणूस गेला, पण तुमचा काय दोष त्यात. घ्या, चहा घ्या."

मी चहा घेतला. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, तरी एक हिशोब मनात आलाच. पाच दिवस मी नव्हतो, आणि पाच दिवस पाणी होतं.

चहा संपला, काकी कपबशी घेऊन वर गेल्या आणि मी मैदानातल्या झाकणापाशी गेलो. तेरा दिले. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा चौदावा मागितला.

चावी फिरली. लोण्यासारखी. पंधरा. सोळा. मी फिरवत राहिलो. बाविसाव्याला व्हॉल्व थांबला. थोड्या वेळात वरून हाक आली, "आलं हो भाऊ!"

तसाच ऑफिसात गेलो. बाबाजी निघायच्या तयारीत होता. मला बघून त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि पान काढून दिलं. मी शिमग्याला गावी होतो त्या आठवड्यात मैदानातला जुना व्हॉल्व काढून नवा बसवला होता. लाल शाईने, ठळक, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. आटे बावीस. मी रोज तेरा उघडत होतो आणि तेराच बंद करत होतो, त्यामुळे हिशोब माझ्यापुरता कायम जुळत होता. अर्धवट उघड्या व्हॉल्वचं पाणी तिसऱ्यापर्यंतच चढायचं आणि वर जायचं बळ संपायचं. सहा महिन्यांत ती वही एकदा उघडली असती तर पुरे होतं.

"बाबाजी, तू कोणाला बोललास?" मी विचारलं.

"मी कशाला बोलू?" तो चष्मा पुसत म्हणाला. "तू बोल."

मी नाही बोललो. साहेबांना नाही, काकींना तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून बावीस आटे द्यायला लागलो आणि वही वाचायला लागलो. लोक म्हणाले, ह्याला बाबाजीची हवा लागली. काकींच्या अर्जांवर शेरा पडला, तक्रार निवारण झाले. काकी मला देवमाणूस म्हणायच्या. दर दिवाळीला वरून फराळाचं ताट यायचं, चकली, कडबोळी, आणि मी ते घरी आणायचो. भेकड होतो, दुसरं काय. रागीट माणूस शूर असतो असं लोकांना उगाच वाटतं.

स्वप्न पडायला लागलं ते तेव्हापासून. मी मंडपाखाली गुडघ्यावर बसलोय, वर समई, खाली पाणी, आणि चावी फिरतेच आहे. तेरा, चौदा, चाळीस, नव्वद. व्हॉल्व संपतच नाही. वर कोणीतरी जड जिभेने सारखं एकच शब्द म्हणतंय. मी घाबरून उठायचो आणि हाताला थरथर असायची, पाण्याची असते तशीच.

नोकरी संपली. चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला. काकींना सतराव्या मजल्यावर खोली मिळाली, खाली टाकी, वर पंप, पाणी कधीही. चावीवाल्याचं तिथे काम उरलं नाही. मला वाटलं, झालं, मिटलं. पण स्वप्न काही मिटलं नाही. यंदा अंकासाठी लिहायला बसलो, चार वेळा पानं फाडली, तेव्हा आमची ही मालवणीत कडाडली. ती चिडली की मालवणीतच चिडते. "इतकी वर्सा झोपेत आटे मोजतास! मनात काय हा ता बोला तरी!" मग मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "माका सांगान काय उपेग? तिका जावन सांगा."

गेलो. लिफ्टने सतराव्या मजल्यावर गेलो तेव्हा कानात दडा बसला. काकी आता पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण दार स्वतः उघडलं. "अरे वा, भाऊ! देवमाणूस घरी!" आत नेलं, खुर्ची दिली. भिंतीवर काकांचा फोटो, तरुणपणचा, दाट केसांचा. खिडकीतून सगळा गिरणगाव धुक्यात बुडाल्यासारखा दिसत होता, मधूनमधून गिरणीची एखादी चिमणी. त्या चहा टाकायला उठल्या.

"चहा नको काकी. आधी बसा. ऐका." मी सगळं सांगितलं. व्हॉल्व, वही, तेरा, बावीस, बाबाजी, आणि तो चहा. एकदा सुरू झालो तो थांबलोच नाही, फोटोकडे बघायचं मात्र टाळलं.

त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "किती कमी होते?"

"नऊ."

"नऊ आटे फिरवायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट. त्याहून कमीच."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. तर नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा नाही, नुसती धार, मोरीत पडणारी. मी बाहेर बसून ती ऐकत होतो. मिनिटभर असेल. मग नळ बंद झाला आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू जा आता," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाल्या. "मला तुझा राग आलाय. फार आलाय. आणि घरात आलेल्या माणसावर ओरडायची मला सवय नाही."

"काकी, मी..."

"जा म्हटलं ना."

मी चपला घालून निघालो. लिफ्टची वाट न बघता सतरा मजले जिन्याने उतरलो. मधे दोनदा टेकलो.

तीन आठवडे काही नाही. घरी मी ना धड जेवत होतो, ना कोणाशी धड बोलत होतो. मग परवा दुपारी फोन वाजला. काकी. कसा आहेस, बरा आहेस, काही नाही. एकदम मुद्द्यावर.

"तुमच्या मंडळाचं ते पुस्तक निघतं ना दिवाळीचं?"

"हो."

"त्यात लिही हे. सगळं लिही. मी अर्ज देऊन देऊन थकले, आणि कागदावर काय राहिलं, तर माझाच पाइप खराब. ते खोटं आहे असं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. नऊ लिही. थोडे कमी होते, चुकून राहिले, असलं गुळमुळीत लिहू नकोस. माझं नाव नको घालू, ह्यांचं घाल. छापून आलं की घेऊन ये आणि मला मोठ्याने वाचून दाखव. चहाचं नंतर बघू."

तर लिहितो. काकांचं नाव दत्ताराम. साचे खात्यात कामाला होते. पाणी अंगावर पडलं की गायचे. शिमग्यापासून श्रावणापर्यंत ते मोरीकडे बोट दाखवून पाणी मागत होते आणि त्यांना आंघोळ मिळाली नाही. काकींच्या नळात काही दोष नव्हता. नऊ आटे कमी होते, आणि ते माझ्या हाताने कमी होते.